आणखी काय काय घेता?

म्हसरूळच्या स्टॉपसमोर, दिंडोरी रोडला लागून छायाचं मेडिकल आहे. वणीला, कळवणला जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात, त्यामुळे सकाळी आठपासून उलटीच्या गोळ्या आणि डोकेदुखीचा बामच जास्त खपतो. बारा वर्षं ती हे दुकान एकटीनं चालवते. डी.फार्म झालेली, परवाना स्वतःच्या नावावर, तोही काचेच्या फ्रेममध्ये भिंतीवर टांगलेला. तरी नवीन गिऱ्हाईक आत आलं की तिच्या खांद्यावरून मागं बघतं आणि विचारतं, "मालक नाहीत का?"

चिडायला तिच्याकडं रोज काही ना काही कारण असे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत तिचं डोकं सगळ्यात जास्त फिरवलं ते टेन्शनवरच्या डब्यांनी. अश्वगंधाच्या कॅप्सूल, मॅग्नेशियमच्या गोळ्या, झोप येण्यासाठी चघळायच्या लाल-हिरव्या वड्या, दुधात घालायच्या पुड्या. कुणी मोबाइलवर बघून मागवलेलं, कुणाला भिशीतल्या मैत्रिणीनं दिलेलं. डबा विकत घेऊन झाला, निम्मा संपला, की मग तो पिशवीतून काढून लोक तिच्या काउंटरवर ठेवत.

"ताई, हे चांगलंय ना?"

"याच्याबरोबर आणखी काय काय घेता?" छाया विचारी.

"काय नाय. बीपीची एक, शुगरची एक, आन् झोपेची अर्धी."

"डॉक्टरांना हे दाखवलं?"

"आयुर्वेदिक हाय ना ते. त्याला काय दाखवायचं?"

इथं छायाचा आवाज चढायचा. "आयुर्वेदिक म्हणजे काय साखर-पाणी आहे? गुण येतो म्हणूनच घेता ना? मग गुण येणारी वस्तू दुसऱ्या औषधातही ढवळाढवळ करणारच. झोपेच्या गोळीवर हे घेऊन उद्या बाथरूममध्ये पडलात म्हणजे?" ती लिव्हरचं सांगे, थायरॉईडचं सांगे, गरोदर बाईनं का घेऊ नये ते सांगे. गिऱ्हाईक मान डोलवत असे आणि डबा हळूच परत पिशवीत सरकवत असे. दुसऱ्या खेपेला तो डबा दिसायचा नाही. माणूस मात्र तोच. छायाला वाटायचं, चला, एकानं तरी ऐकलं.

झुंबरशी तिचं वाकडं आलं ते यातूनच. हा झुंबर पूर्वी पेठ नाक्याजवळ मोबाइलची कव्हरं विकायचा. मग एका साखळी विक्रीच्या कंपनीत शिरला आणि बघता बघता 'वेलनेस सल्लागार' झाला. भर उन्हात कोट घालायचा, मंगल कार्यालयाचा छोटा हॉल घेऊन तणावमुक्तीची शिबिरं भरवायचा. एकदा तो दोन डबे घेऊन छायाकडं आला.

"छायाताई, तुम्ही काय करू नका, नुसते काउंटरवर ठेवा. लोकांचा तुमच्यावर लय विश्वास हाय."

"म्हणूनच नाही ठेवत." तिनं डबा फिरवून लेबल वाचलं. बारा वनस्पतींची नावं होती, खाली एकच आकडा. "यात कशाचं प्रमाण किती आहे?"

"ते मिश्रण हाय ना ताई. कंपनीचं सिक्रेट असतं ते."

"पोटात घालायच्या वस्तूत सिक्रेट?"

झुंबर हसला. त्याला राग यायचाच नाही. छायाला त्याची ती गोष्ट सगळ्यात जास्त खुपायची. ती बोलली की लोक मागं सरकत, आणि हा समोर बसला की लोक खुर्ची पुढं ओढत.

छायाचं माहेर तिथून जवळच, मखमलाबादच्या शिवारात. मळ्यात शेवंती, झेंडू, कडेनं दोडके-कारली. वडील पुंजाराम पस्तीस वर्षं पहाटे फुलबाजारात माल घेऊन जायचे. गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मोठा भाऊ किशोर मळा आणि बाजार बघू लागला, वहिनी मजुरांचं आणि स्वयंपाकाचं. पुंजारामांचं उठणं-बसणं, अंघोळ, घास भरवणं, रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठवणं हे सगळं आईकडं आलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मालनबाईंनीच उचललं, आणि बाकीच्यांनी त्यांना उचलू दिलं.

मालनबाई सहासष्ट वर्षांच्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून थायरॉईड कमी असल्याची गोळी चालू होती, पंच्याहत्तर मायक्रोग्रॅमची. रोज उपाशीपोटी एक. गोळ्यांची बाटली छाया स्वतः नेऊन द्यायची आणि झाकणावर पेननं तारीख टाकायची. या एका बाबतीत तिला अभिमान होता. सगळं गाव काहीही खाऊ दे, आपल्या आईचं औषध चोख आहे.

पावसाळ्यात आई वाळायला लागली. हार ओवताना सुई धरलेला हात थरथरायचा. घाम यायचा. "छातीत फडफड होती गं," ती एकदा म्हणाली. छायानं बीपी मोजलं, नाडी धावत होती.

"टेन्शन घेऊ नको आई," ती म्हणाली. हे म्हणताना ती बाबांच्या आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरत होती. मान वर केली नव्हती.

नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ऐकून घेतलं, घरी आजारी माणूस आहे म्हटल्यावर मान हलवली. "ताण आहे. दुसरं काही औषध घेता का?"

मालनबाईंनी आधी छायाकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. "नाय."

धडधड कमी करणारी एक गोळी वाढली. फरक पडला नाही. झोप तर पार उडाली. छाया दर आठवड्याला फोनवर तेच सांगे, आणि दर आठवड्याला स्वतःवरच वैतागे, कारण तिला तेवढंच सांगता येत होतं.

दसऱ्याच्या चार दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास, किशोरचा फोन आला. शेडमध्ये झेंडू तोलता तोलता आई कोसळली होती. पंचवटीतल्या एका खासगी दवाखान्यात नेईपर्यंत ती शुद्धीवर आली होती, पण हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. तिला ठेवून घेतलं. रक्त तपासायला गेलं. दुपारी डॉक्टरीणबाईंनी छायाला केबिनमध्ये बोलावलं. तिशीची, शांत बाई. समोर रिपोर्ट होता.

"थायरॉईडची गोळी कोण देतं यांना?"

"मीच. मी फार्मासिस्ट आहे."

"टीएसएच जवळजवळ शून्यावर आलंय. शरीरात थायरॉईडचा रस फार जास्त झालाय." त्या जरा थांबल्या. "पंच्याहत्तरऐवजी दीडशेची बाटली तर गेली नाही ना? होतं कधीकधी. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात."

"नाही," छाया म्हणाली, पण ते तिचं तिलाच खरं वाटेना. रिक्षा करून ती थेट मळ्यात गेली. देवळीत बाटली होती. लेबल पंच्याहत्तरचं. तिनं गोळ्या ताटात ओतल्या आणि मोजल्या, मग झाकणावरच्या तारखेपासूनचे दिवस मोजले. एकाही गोळीचा फरक नव्हता. मग दुकानात जाऊन तिनं अर्धं शटर ओढलं आणि वर्षभराची बिलं काढली. बॅच नंबर ताडून पाहिले. सगळं बरोबर होतं. सगळं बरोबर असताना आई दवाखान्यात होती, आणि याचा तिला जास्तच संताप आला. चूक सापडली असती तर निदान कुणावर चिडायचं ते तरी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वॉर्डात पोचली तेव्हा सिंधुबाई दारातच भेटल्या. त्या तिथल्या आया. जाडजूड, पायात रबरी चप्पल, कुणालाही 'बाय माझी' म्हणणाऱ्या.

"तुमच्या आईची वेणी घालत व्हते," त्या म्हणाल्या. "त्या म्हंत्यात, घरी तांदळाच्या डब्यात माझ्या ताकदीच्या गोळ्या राहिल्यात, तेवढ्या कुणाला तरी आणायला सांगा, नायतर कोर्स तुटंल. मी म्हटलं, लेकीला सांगा. तर म्हंत्यात, लेकीला नको. म्हणून तुम्हालाच सांगते. मला काय ते बरं वाटंना."

छाया खाटेशी गेली. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"कसल्या गोळ्या?"

आईनं चादर आणखी वर ओढली.

"आई, कसल्या गोळ्या?"

"झुंबरच्या," मालनबाई म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली, इतक्या मोठ्यानं छाया ओरडली. बारा वर्षं मी दुकानात बसते, सगळ्या गावाला घसा फोडून सांगते, आणि माझी आई तांदळात लपवून ते खाते! किती दिवस? जूनपासून. किती? आधी दोन, मग चार. चार का? फडफड व्हायला लागल्यावर मालनबाईंनी झुंबरला विचारलं होतं. तो म्हणाला होता, मावशी, शरीरातलं विष बाहेर पडतंय, हे चांगलं लक्षण हाय, डोस वाढवा.

"मला का नाही विचारलंस?"

"तू वरडली असती."

"अगं, ओरडलेच असते!"

"मंग? म्हणून तर नाय सांगितलं."

मालनबाई उठून बसल्या. त्यांचा हात अजून थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"तुझा बाप रात्रीतून चारदा उठवतो. किशोर म्हणतो, आई, तुझ्याशिवाय त्यांना चालत नाय. तू म्हणती टेन्शन घेऊ नको. मी काय ते बाजारातून घेऊन येती का गं? झुंबर आला, तासभर बसला. मला म्हणला, मावशी, तुम्ही झोपता कधी? वर्षभरात मला कुणी हे विचारलं नव्हतं." त्या थांबल्या. "त्यानं गोळ्यांच्या जागी माती दिली असती तरी मी खाल्ली असती."

डॉक्टरीणबाईंनी डबा मागवून घेतला. लेबल वाचून त्यांनी सुस्कारा सोडला. अश्वगंधाचा अर्क होता, आणि तोही मोठ्या मात्रेचा असणार. बाकी अकरा वनस्पती. काही लोकांमध्ये अश्वगंधानं थायरॉईडचा रस वाढतो, त्या म्हणाल्या, आणि यांची गोळी आधीच चालू. "सगळं त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. यात किती काय आहे हेच कळत नाही. पण हे आजपासून बंद. थायरॉईडच्या गोळीचं काय करायचं ते मी सांगेन, स्वतःहून कमी-जास्त करू नका. लिव्हरचीही तपासणी करू, आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा." मग त्या मालनबाईंकडं वळल्या. "आजी, अशा गोळ्या घेतल्या म्हणून मी रागावणार नाही. पण पुढं घ्यायची झाली तर एका वेळी एकच वस्तू, जिच्यावर कशाचं प्रमाण किती ते लिहिलंय अशी. घेण्याआधी मला दाखवायची. आणि काही वेगळं वाटलं तर वाढवायची नाही, थांबवायची."

मालनबाईंनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. छाया बघत राहिली. हीच वाक्यं तिनं काउंटरवरून शेकडो वेळा म्हटली होती. आवाज मात्र असा नव्हता.

चार दिवसांनी आईला घरी सोडलं. पाचव्या दिवशी छाया झुंबरच्या शिबिरात गेली. हॉलमध्ये पंधरा-वीस बाया होत्या. तिनं त्याला बाहेर जिन्यात बोलावलं.

"माझ्या आईला थायरॉईड आहे, माहीत होतं तुला?"

"मावशी बोलल्याच नाहीत, ताई."

"तू विचारलंस?"

झुंबरनं कोटाचं बटण चाचपलं. "डब्यावर लिहिलेलं असतं ना. औषध चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या."

खरोखरच लिहिलेलं होतं. तळाशी, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मालनबाई चौथी शिकलेल्या.

"तिला फडफड झाली, तर तू डोस वाढवलास."

"मला ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलं, ताई." पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. "माझी आईपण घेते तेच."

छाया त्याला फाडून खायची तयारी करून आली होती. ते ऐकून ती नुसती म्हणाली, "तिचं रक्त तपासून घे," आणि जिना उतरली. डब्याचे फोटो, आईचे रिपोर्ट जोडून तिनं सरकारी औषध खात्याकडं रीतसर तक्रार केली. पुढं काय झालं ते अजून तिला कळलेलं नाही. झुंबर महिनाभर दिसला नाही. मग दिंडोरी रोडवर त्याचं नवं पोस्टर लागलं, आता सांधेदुखीचं.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट सुधारून आला. नाडी ताळ्यावर आली, हात थांबला, लिव्हर ठीक निघालं. छाया खुशीत मळ्यात गेली. आईनं रिपोर्टाकडं पाहिलंही नाही.

"ते ठीक हाय. पण आता झोपेसाठी काय घेऊ?"

छायानं किशोरला ओट्यावर बोलावलं.

"बाबांचं रात्रीचं उठवणं आजपासून एक दिवस तू, एक दिवस आई."

"मी पहाटे बाजारात जातो, छाया. मला झोप नको का?"

"आणि आईला?"

"त्यांना आईच लागते. मी गेलो की वरडतात."

"ओरडू देत."

आतून पुंजारामांनी अडखळत हाक मारली, "मा-लन." मालनबाई उठल्या. छाया म्हणाली, "बस तू." किशोर नाइलाजानं आत गेला. पाच मिनिटं आतून बाप-लेकाची झटापट ऐकू आली. मालनबाई ओट्यावर पदर मुठीत धरून बसून होत्या. त्यांना ते बसणं उठण्यापेक्षा जड जात होतं.

सगळं सुरळीत झालं असं म्हणता येत नाही. सकाळच्या अंघोळीसाठी गावातल्याच नवसाबाई यायला लागल्या, हे चांगलं झालं. किशोर आठवड्यातून तीनदा ठरवतो आणि एकदा उठतो. लगीनसराईत तर तेही नाही. त्यावरून बहीण-भावाची दोनदा भांडणं झाली, एकदा महिनाभर बोलणं बंद होतं. रविवारी दुपारी छाया दुकान बंद ठेवते, आईला आपल्या घरी आणते आणि आतल्या खोलीत झोपवते. मालनबाई सलग तीन तास झोपतात. उठल्यावर म्हणतात, "घरी काय चाललं आसंल कुणास ठाऊक." छाया चिडते. पुढच्या रविवारी पुन्हा आणते.

दुकानात तिनं एक गोष्ट शिकायला घेतली आहे, आणि ती तिला अजून नीट जमत नाही. कुणी डबा काढला की आधी विचारायचं, हे घ्यावंसं का वाटलं? मग गप्प बसायचं. गप्प बसताना ती काउंटरखाली एका हाताची मूठ आवळून धरते. लोक मात्र बोलायला लागले आहेत. सुरगाण्याच्या एका शिक्षकानं तिला वीस मिनिटं बदलीचं सांगितलं आणि शेवटी पिशवीतून एक नव्हे, तीन डबे काढले. तिन्हीत तेच तेच होतं. तिनं तिन्ही लेबलांचे फोटो काढून त्याच्याच मोबाइलवर ठेवले, म्हणाली, हे तुमच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर एकही नको. तो दाखवील की नाही, तिला माहीत नाही. मागची पाच गिऱ्हाइकं मात्र तेवढ्या वेळात दुसऱ्या मेडिकलला गेली.

परवा सोमवारी, ऐन गर्दीत, आईचा फोन आला. कळवणची गाडी लागलेली, काउंटरवर सहा माणसं, एकाला सुटे हवे, एकीचं लेकरू उलटी करण्याच्या बेतात.

"छाया, त्या पलीकडच्या मळ्यातल्या मामींनी एक पुडी दिली. झोपेची. तुला विचारल्याबिगर घ्यायची नाय म्हणून फोन केला. थांब, सृष्टी वाचून दाखवती."

सृष्टी ही किशोरची मुलगी, नववीतली. ती एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं करून वाचायला लागली. काउंटरवरचा माणूस नाणं आपटत होता. छायानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, एका हातानं उलटीची पट्टी कापली, आणि एकही शब्द न बोलता अकरा नावं ऐकून घेतली.

"आई, ती पुडी तशीच बंद ठेव. संध्याकाळी मी येऊन बघते."

पलीकडं सृष्टी काहीतरी कुजबुजली.

"आई?"

"वरडणार नाय ना?"

"नाही."

"उघडलीय गं. एकच चमचा घेतला, दुधातून."

छायानं डोळे मिटले. दातावर दात दाबले. गाडीनं हॉर्न दिला, दोन गिऱ्हाइकं तशीच पळाली.

"किती वाजता घेतलास?" तिनं विचारलं, आणि पेन उचललं.